याशिका मॅट की आरबी ६७: गोळीबार चौकाजवळच्या एका मागाच्या खोलीत झालेला निर्णय

माझी भाची डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रोजेक्टला तिने विषय घेतला नागपूरचे हातमाग विणकर. गोळीबार चौक, तांडापेठ, पाचपावली ह्या भागात कोष्टी लोकांची घरं पिढ्यांपासून आहेत, माझी आई सांगते की तिच्या लहानपणी त्या गल्ल्यांतून गेलं की दोन्ही बाजूंनी मागाचा खटखट आवाज यायचा, आता कान देऊन ऐकावं लागतं. १८७७ ला इथे एम्प्रेस मिल सुरू झाली तरी हातमाग टिकला होता, पुढे मिलही गेली आणि तिथे मॉल झाला, आणि माग मात्र काही घरांत अजून चालू आहेत. पोरीला हेच पकडायचं होतं. वीस फोटो, फिल्मवर, ब्लॅक अँड व्हाइट, आणि प्रदर्शनाला सोळा बाय सोळा इंचाचे प्रिंट.

फेब्रुवारीत तिचा फोन आला, "मामा, याशिका घेऊ का मामिया? दोन्ही मिळून राहिले, पण दोन-तीन आठवड्यांत सांगायचं आहे."

तिच्यासमोरचे दोन सौदे असे होते. एक, याशिका मॅट १२४ जी, म्हणजे दोन लेन्सवाला टीएलआर, ३२ हजार, काच स्वच्छ, उजेड मोजणारा मीटर हलतो पण त्याच्यावर भरवसा ठेवू नका असं विकणाऱ्याने स्वतःच सांगितलेलं (मला हे आवडलं). दोन, मामिया आरबी ६७ प्रो एस, म्हणजे एका लेन्सचा मोठा एसएलआर, सोबत १२७ मिलीमीटर एफ ३.८ लेन्स (एफ म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडतं, आकडा लहान तितकं मोठं) आणि १२० फिल्मचा, म्हणजे रुंद रोलचा, एक बॅक (मागे लावायचा फिल्मचा डबा), ४६ हजार. बजेट सगळं मिळून पन्नास, त्यातच फिल्म, केमिकल, स्कॅनिंग.

मी तिला फोनवरच सांगितलं, आरबी घे, विचार करू नको. हा सल्ला चुकला होता आणि का चुकला तेच इथे नीट लिहायचं आहे, कारण मीडियम फॉरमॅट, म्हणजे ३५ एमएमपेक्षा मोठ्या फिल्मचा कॅमेरा, घ्यायचं म्हटलं की बहुतेक जण ह्याच वाटेने जातात.

माझं गणित असं होतं. १२० ची फिल्म दोघांतही तीच, पण याशिकाची निगेटिव्ह साधारण ५६ बाय ५६ मिलीमीटर आणि आरबीची ५६ बाय ७० च्या जवळ. ३५ एमएमची २४ बाय ३६ असते, म्हणजे याशिका तिच्या साडेतीन पटीपेक्षा मोठी आणि आरबी साडेचार पट. जितकी मोठी निगेटिव्ह तितका कमी ताण प्रिंटवर, ग्रेन (फिल्मचे दाणे) बारीक, टोन मऊ. शिवाय आरबीला लेन्स बदलता येते, बॅक बदलता येतो, बेलोज (लेन्स पुढे नेणारा घडीचा भाता) असल्यामुळे जवळचे फोटो येतात, सगळा कारभार मेकॅनिकल, सेल लागतच नाही. याशिकाला एकच लेन्स, ८० मिलीमीटर एफ ३.५, जन्मभर तीच. कागदावर याशिका कुठेच टिकत नाही.

भाची थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मामा, पण मले चौकोनीच प्रिंट पाहिजे ना."

ह्या एका वाक्याने माझं अर्धं गणित गेलं. आरबीच्या, ६ बाय ७ सेंटीमीटर म्हणतात त्या निगेटिव्हमधून चौकोन कापला तर उरतो ५६ बाय ५६, म्हणजे याशिकाचीच निगेटिव्ह! जी जास्तीची जागा आहे ती कापून फेकायची आणि तिच्यासाठी रोलमधून बाराऐवजी दहा फ्रेम घ्यायच्या. आता हिने जर दहा बाय आठ इंचासारखे लांबट प्रिंट ठरवले असते तर गोष्ट उलटी झाली असती, तेव्हा याशिकाचा चौकोन कापून ५६ बाय ४५ वापरला जातो आणि आरबी जवळपास दीडपट पुढे जाते. म्हणजे निगेटिव्हचा आकार विचारायच्या आधी प्रिंटचा आकार विचारायला हवा होता, तो मी विचारला नाही. सोळा इंच म्हणजे ५६ मिलीमीटरची साधारण सव्वासात पट वाढ, चांगल्या निगेटिव्हला त्यात काही जड नाही, ३५ एमएमवरून तोच प्रिंट केला तर सतरा पट होते.

दुसरं पैशाचं. आम्हाला तेव्हा एचपी ५ ह्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचा रोल हजाराच्या आसपास पडत होता. आरबी घेतली तर उरतात चार हजार, म्हणजे चार रोल, चाळीस फ्रेम, आणि केमिकल कुठून, ट्रायपॉड कुठून? याशिका घेतली तर अठरा हजार उरतात. वीस चांगले फोटो काढायला नवशिक्या माणसाला दोनशे फ्रेम तरी लागतात असा माझा अनुभव आहे, चाळीस फ्रेममध्ये वीस फोटो काढणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

तरी मी म्हटलं की नुसत्या हिशोबावर ठरवायला नको, हातात घेऊन त्याच जागी चालवून बघू. माझ्या धरमपेठेतल्या मित्राकडे आरबी ६७ प्रो एस आहे, लेन्सही तीच १२७. आणि सीताबर्डीत पूर्वी स्टुडिओ चालवणारे एक काकाजी आहेत त्यांच्याकडे याशिका मॅट पडून होती. दोघांनी आनंदाने दिले. दोन रविवार ठरवले, खोली तीच, विणकर तेच, वेळ सकाळी दहा ते बारा.

दोन्ही प्रकार कसे चालतात ते थोडक्यात, म्हणजे पुढचं कळेल. टीएलआरमध्ये वर-खाली दोन लेन्स असतात, वरच्या लेन्समधून तुम्ही बघता, खालच्यातून फिल्मवर उमटतं. वरच्या लेन्समागचा आरसा पक्का बसवलेला, हलतच नाही. शटर खालच्या लेन्समध्ये असतं, पाकळ्यांचं, आवाज अगदी बारीक. रोलायफ्लेक्सने १९२९ ला हा साचा पक्का केला आणि पुढे बहुतेकांनी त्याच धर्तीवर केलं. एसएलआरमध्ये लेन्स एकच, बघायला पण तीच आणि फोटोला पण तीच, त्यामुळे मध्ये आरसा लागतो आणि फोटोच्या क्षणी तो उचलला जावा लागतो. आरबीतही शटर लेन्समध्येच असतं, पण ६ बाय ७ ची चौकट झाकणारा आरसा म्हणजे चांगला मोठा तुकडा, तो वर जातो तेव्हा कॅमेऱ्याला धक्का बसतो आणि नंतर तो आपोआप खाली येत नाही, मोठा लिव्हर ओढून परत चढवेपर्यंत स्क्रीन काळी राहते. गंमत म्हणजे दोन्ही मॉडेल बाजारात आले त्याच साली, आरबी ६७ पण १९७० आणि १२४ जी पण १९७० (प्रो एस नंतर, १९७४ ला). एक मॉडेल स्टुडिओसाठी केलेलं आणि दुसरं गळ्यात अडकवून फिरण्यासाठी.

आता ती खोली. दहा बाय चौदा फुटांची असेल, वर कवेलू, त्यात एका जागी काचेचं कवेलू बसवलेलं, त्यातून उजेडाचा एक पट्टा मागावर पडतो. दुसरा उजेड दारातून. खड्डामाग आहे, म्हणजे विणकर जमिनीच्या पातळीला बसतो आणि पाय खाली खड्ड्यात पावड्यांवर. भिंत आणि माग ह्यांच्यामध्ये एका बाजूला माणूस मांडी घालून बसेल एवढीच जागा, दुसऱ्या बाजूला ताण्याचा पसारा. विणकर काकाजी (स्टुडिओवाले वेगळे) सत्तरीच्या पुढचे, बोलायला मोकळे, करवतकाठी साडी विणतात, करवतीच्या दात्यांसारखा काठ आणि कोशाचं (टसर रेशमाचं) अंग, तीन धोटे (आडवा धागा नेणारे) चालवावे लागतात त्याला, दोन काठांचे दोन आणि मधल्या अंगाचा एक. धोटा हातातून सुटतो, दुसऱ्या हातात जातो, मग फणी ठोकतात, परत. त्या लयीत त्यांचं सगळं अंग मागे-पुढे झुलतं.

उजेड मोजला तर ४०० वेगाच्या फिल्मला एफ ३.५ वर १/१५ सेकंद. कमीच, पण अगदीच अशक्य नाही.

पहिला रविवार आरबीचा. लेन्स आणि बॅकसकट कॅमेरा अडीच किलोच्या वर जातो, त्याखाली तसाच भारी ट्रायपॉड. तो ट्रायपॉड त्या मांडी घालायच्या जागेत उघडेच ना, एक पाय खड्ड्याच्या काठावर, एक पोत्यावर, एक दाराच्या उंबऱ्यावर. शेवटी दाराकडून घेतला. काकाजींच्या डोळ्यांची उंची जमिनीपासून अडीच फूट, त्या उंचीला यायला ट्रायपॉड पार पसरावा लागला आणि मग दार बंद झालं आणि दाराचा उजेड गेला.

दहा फुटांवरून १२७ च्या लेन्समध्ये आडवी जागा बसते साडेपाच फूट. पूर्ण माग बसत नाही, माणूस बसतो आणि मागाचा तुकडा बसतो. मागे सरकायला भिंत. मित्राकडे ९० ची लेन्स असती तर त्याच जागेवरून पावणेआठ फूट आलं असतं, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो, आरबीचा हा दोष नाही, त्या सौद्यातल्या लेन्सचा आहे. पण सौद्यात १२७ च होती आणि ९० ला वेगळे पैसे.

मग पाच फुटांवर घेतला, काकाजींचा चेहरा आणि हात. एफ ३.८ पूर्ण उघडी. एवढ्या अंतरावर १२७ च्या लेन्सला फोकसमध्ये राहणारा पट्टा साधारण सहा सेंटीमीटर मिळतो, म्हणजे नाकापासून कानापर्यंत जेमतेम. माणूस झुलतो वीतभर. फोकस लावला, ते मागे गेले, थांबलो, पुढे आले, दाबलं, आणि दाबल्याबरोबर आरशाचा धाडकन आवाज आणि स्क्रीन काळी, त्या क्षणी चेहरा कुठे होता ते आम्हाला कळलंच नाही. १/१५ ला आरशाच्या धक्क्याचा पण धोका, म्हणून मिरर अप करून केबल रिलीजने (लांबून दाबायच्या तारेने) घ्यायचं ठरवलं, म्हणजे आधी आरसा वर, मग केबलने शटर, पण मग आरसा वर असताना काहीच दिसत नाही, आणि समोरचा माणूस हलता. दगडी देवळाला हे चालतं, विणणाऱ्या माणसाला नाही.

आणि आवाजाचं मला सगळ्यात जास्त लागलं. चौथ्या-पाचव्या फोटोला काकाजींनी धोटा थांबवला आणि म्हणाले, "दर वेळी काही पडल्यासारखं वाटते बाप्पा, लक्ष तुटते." माणसाचं काम चालू असताना आपण त्याच्या घरात बसलोय, त्याची लय मोडत असेल तर तो कॅमेरा कितीही चांगला असो, त्या खोलीसाठी तो बरोबर नाही असं मला तिथेच वाटलं. भाचीलाही वाटलं, ती नंतरचे तीन फोटो काढायलाच तयार होईना.

पण शेवटचे दोन फोटो बघून मी आजही थांबतो. काकाजी चहाला थांबले, हात काठावर ठेवलेले, आणि आम्ही बेलोज पूर्ण ताणून त्या हातांवर गेलो. आरबीचा बेलोज ४६ मिलीमीटर पुढे येतो, १२७ च्या लेन्सला तेवढ्यात फ्रेममध्ये जेमतेम वीतभर जागा भरते. बेलोज एवढा ताणला की उजेड जवळपास एक स्टॉप कमी, म्हणजे निम्माच, पोचतो, कॅमेऱ्याच्या बाजूला त्याची पट्टी छापलेली असते, ती बघून एक्स्पोजर वाढवायचं, हे विसरलं की निगेटिव्ह पातळ. एफ ८, अर्धा सेकंद, मिरर अप, केबल. हात स्थिर होते म्हणून जमलं. नखांच्या कडा, काठाचे दाते, कोशाच्या धाग्याची चमक, सगळं आलं. आणि जे स्क्रीनवर दिसलं तेच निगेटिव्हवर आलं, कणभर इकडेतिकडे नाही, कारण लेन्स एकच. ह्या कामात एसएलआरला तोड नाही.

दुसरा रविवार याशिकाचा. एक किलो शंभर ग्रॅमच्या आसपासचं वजन. भाची त्या भिंत आणि मागाच्या मधल्या जागेत सरळ मांडी घालून बसली, कॅमेरा पोटाशी, पट्टा मानेवर ताणलेला, मान खाली घालून स्क्रीनमध्ये बघतेय. खड्डामागाला ही उंची इतकी नेमकी बसते की मला आश्चर्य वाटलं, लेन्स काकाजींच्या हातांच्या रेषेत, थोडी खालून चेहऱ्याकडे. आरबीलाही वरूनच बघायचं असतं, पण ती मांडीवर घेऊन १/१५ ला धरणं मला तरी जमत नाही. आणि भाची खाली बघत असल्यामुळे काकाजींना कोणी रोखून बघतंय असं वाटत नव्हतं, ते पाच मिनिटांत विसरले, मग स्वतःशीच गुणगुणायला लागले.

१/१५ ला हातात धरून तिने पहिला रोल काढला, श्वास सोडून, पट्टा ताणून. बारातले सात धारदार आले. आरसा हलत नाही, धक्का नाही, म्हणून हे शक्य होतं. ८० च्या लेन्सला त्याच पाच फुटांवर तेरा-चौदा सेंटीमीटरचा पट्टा फोकसमध्ये मिळतो, झुलणारा माणूस त्यात बऱ्यापैकी मावतो (फ्रेममध्ये तो लहान दिसतो हेही खरं, फुकट काहीच मिळत नाही). दहा फुटांवरून सात फुटांचा चौकोन येतो, माग जवळपास पूर्ण.

पण खरी गोष्ट वेगळीच होती. टीएलआरमध्ये फोटो निघतानाही चित्र दिसत राहतं. तिने दोन-तीन फ्रेमनंतर पकडलं की काकाजी फणी ठोकतात त्या क्षणी त्यांचं डोकं अर्धा सेकंद थांबतं, हात मात्र चालू असतात. ती त्या क्षणाला दाबायची आणि दाबताना बघायची, आणि लगेच म्हणायची, "हा आला," किंवा "हा नाही आला." निगेटिव्ह धुतल्यावर तिचं म्हणणं जवळजवळ प्रत्येक फ्रेमला बरोबर निघालं. चेहरा स्थिर, हात आणि धोटा पुसट, तिला नेमकं हेच हवं होतं.

दुसरा रोल, फिल्म तीच ४०० ची पण १६०० ची धरून, काढला, तेव्हा एफ ५ च्या आसपास १/३० मिळालं आणि बारापैकी दहा धारदार. सावल्या थोड्या काळ्या पडल्या, पण त्या खोलीला ते शोभतं.

रोल घरी धुतले. मार्च सुरू झाला होता, गच्चीच्या टाकीचं पाणी दुपारी वीस डिग्रीला कुठून असणार, म्हणून रात्री दहानंतर, बादलीत बर्फाच्या पिशव्या टाकून, थर्मामीटर हातात धरून. एचपी ५ ला आयडी ११ डेव्हलपरमध्ये, पाणी न मिसळता, २० डिग्रीला ४०० साठी साडेसात मिनिटं आणि १६०० साठी चौदा. नागपुरात मे महिन्यात हे काम मी करत नाही, आणि न वापरलेली फिल्म तर फ्रीजमध्येच, वापरायच्या आधी काही तास बाहेर काढून खोलीच्या गरमीला आल्यावरच पुडकं फोडायचं, नाहीतर गार फिल्मवर दव धरतं.

आरबीच्या रोलवर दोन फ्रेमच्या कडेला उजेड शिरलेला दिसला. बॅकमधला फोम जुना होऊन भुगा झालेला, एवढ्या वर्षांत कुठलाही फोम होतोच, ते बदलणं अवघड नाही, मित्राने नंतर बदलला. पण जुना बॅकवाला कॅमेरा घेणाऱ्याने तो फोम बोटाने दाबून बघावा, चिकट लागला तर तेवढा खर्च धरूनच भाव करावा. टीएलआरला आरसा जुना होऊन धुरकट झालेला असतो आणि लेन्समध्ये बुरशी असते, टॉर्च मारून दोन्ही लेन्स आरपार बघायच्या, त्यातली खालची जास्त महत्त्वाची.

कॉन्टॅक्ट शीट (निगेटिव्हच्याच मापाचे छोटे प्रिंट) शेजारी शेजारी ठेवल्या आणि मी तिला काहीच सांगितलं नाही. तिने पेन्सिलने खुणा केल्या. आरबीच्या एका रोलमधून तीन, त्यातले दोन हातांचे. याशिकाच्या दोन रोलमधून नऊ. तुलना अगदी सरळ नाही हे मला कळतं, एकाचा एक रोल आणि दुसऱ्याचे दोन, आणि दुसऱ्या रविवारी काकाजी आम्हाला ओळखायला लागले होते, तोही फरक पडतोच. पण त्या खोलीत तिला कुठला कॅमेरा पुढे जाऊ देतो आणि कुठला अडवतो ते दिसायला एवढं पुरेसं होतं.

मध्येच तिसऱ्या पर्यायांचाही विचार झाला. मामिया सी ३३० हा टीएलआरच, पण लेन्स बदलता येते आणि बेलोजही आहे, म्हणजे दोन्हीकडचं थोडं थोडं, पण तो याशिकापेक्षा बराच जड आणि तेव्हा चांगल्या हालतीत मिळाला नाही. ब्रॉनिका एसक्यू ए चौकोनीच काढते, बॅक बदलता येतो, आरबीपेक्षा खूप हलकी, पण शटर सेलवर चालतं आणि आरसा आहेच. मला ती चांगली वाटते, दुसऱ्या कुणाच्या दुसऱ्या कामाला मी तीच सांगेन. उदाहरणार्थ कुणी लग्नाचे पोर्ट्रेट काढत असेल, फ्लॅश लावत असेल, मध्येच रंगीत आणि मध्येच ब्लॅक अँड व्हाइट हवं असेल तर डार्क स्लाइड (फिल्म झाकणारी पट्टी) घालून बॅक बदलण्याची सोय फार मोठी आहे. आणि कुणी स्टुडिओत बसून, स्टँडवर, दागिने किंवा कापडाचं काम करत असेल तर सरळ आरबी, तिथे मी एक मिनिट पण विचार करणार नाही.

भाचीने याशिका घेतली. उरलेल्या पैशात बारा रोल, केमिकल आणि एक साधा ट्रायपॉड.

घेतल्यानंतर दोन अडचणी आल्या, त्या पण सांगतो. पहिली मीटरची. १२४ जी चा मीटर जुन्या १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी केलेला, ते सेल आता बनत नाहीत, आणि त्याच मापाचा आजचा अल्कलाइन टाकला तर १.५ व्होल्टमुळे सुई पुढे जाते आणि फोटो अंधारे येतात. कानाच्या मशीनचा झिंक एअर सेल १.४ च्या आसपास असतो, तो त्यातल्या त्यात जवळचा. आम्ही तो टाकून बघितला, उन्हात ठीक, मागाच्या खोलीत सुई नीट हलेचना. आता ती फोनवरच्या मीटरने एकदा मोजते आणि उजेड बदलेपर्यंत तेच ठेवते, आणि हे जास्त बरं चाललंय, कारण खोली तीच, कवेलू तेच, तिला आता तो उजेड डोळ्यांनीच कळतो.

दुसरी अडचण मी आधीच सांगायला हवी होती. याशिका एक मीटरच्या आत फोकस करत नाही, एक मीटरवर साधारण दोन फुटांचा चौकोन येतो, त्यात हात लहान दिसतात. तिने स्वतःहून एक साधी क्लोजअप काच आणली, वरच्या लेन्सवर धरून फोकस करायची, मग तीच काढून खालच्यावर लावायची आणि फोटो. पूर्ण रोल असा काढला आणि बाराही फ्रेममध्ये वरचा भाग कापलेला, बोटं गायब. वरची आणि खालची लेन्स ह्यांच्यात चारेक सेंटीमीटरचं अंतर आहे, लांबच्या फोटोला ते कळतही नाही, पण अर्ध्या मीटरवर तेवढ्यानेच चित्र खाली सरकतं. पोरगी रडवेली झाली होती, त्या दिवशी काकाजींनी खास साडीचा पदर विणायला घेतला होता तिच्यासाठी.

उपाय दोन आहेत. ट्रायपॉडवर फोकस करून मधला दांडा तेवढाच चारेक सेंटीमीटर वर करायचा, म्हणजे खालची लेन्स बरोबर वरच्या लेन्सच्या जागी येते, मामियाने आपल्या टीएलआरसाठी हेच काम करणारं एक उपकरण वेगळं विकलं होतं. किंवा जोडीतली क्लोजअप घ्यायची, लेन्सवर अडकवायच्या बे वन मापाची, तिच्यात दोन काचा असतात आणि वरच्या काचेत पाचरीसारखा उतार दिलेला असतो, तो नजर थोडी खाली वळवतो आणि फरक बराचसा भरून काढतो. एक नंबरची जोडी एक मीटरपासून अर्ध्या मीटरपर्यंत चालते आणि साधारण फूटभर चौकोन देते. सीताबर्डीच्या काकाजींच्या डब्यात अशी जोडी निघाली, पैसे घेतले नाहीत, म्हणाले पोरीचे फोटो आणून दाखव.

आता वीसपैकी चौदा फोटो झालेत. चौदाव्यात काकाजी नाहीतच, काकू आहेत, दारात बसून कांड्या भरतायत, आणि मागे अंधारात मागाच्या दोऱ्या. तिला तो सगळ्यात आवडतो, मलाही. करवतीच्या काठाचे तीन फोटो मात्र आम्ही मित्राच्या आरबीवरच काढायचं ठरवलंय, काकाजी साडी मागावरून उतरवतील त्या दिवशी, कारण तेव्हा माग थांबलेला असेल, खोलीत जागा असेल आणि आरशाच्या आवाजाने कुणाची लय मोडणार नाही. त्यासाठीचा रोल फ्रीजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी ठेवलाय, आणि काकाजी म्हणाले अजून पंधरा दिवस तरी लागतीन जी.